बोली, प्रमाण मराठी आणि ‘गावंढळ’ शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत ‘अशुद्ध’ हे एकच लेबल तीन निरनिराळ्या गोष्टींना चिकटवलं जातं: लेखनातली चूक, बोलीतलं रूप आणि शिवराळपणा. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. खालचे बरेचसे प्रश्न या गल्लतीतूनच पडतात.

प्रमाण मराठी ठरवली कोणी?

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या सरकारला शाळा, कचेऱ्या आणि छापखाने यांसाठी एकसारखी मराठी हवी होती. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण १८३६ साली, आणि कोशाची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. शाळेच्या पुस्तकांची भाषा मेजर थॉमस कँडी यांच्या नजरेखालून जायची. या कामात साहेबांच्या हाताशी असलेले शास्त्री-पंडित मुख्यतः ब्राह्मण होते आणि त्यांच्यापुढे नमुना होता तो पुण्याकडच्या शिष्ट बोलण्याचा. ती रूपं ‘मराठी’ म्हणून छापली गेली. बाकीच्यांची रूपं ‘ग्राम्य’ ठरली, म्हणजे कोशात आली तरी शिक्का घेऊन आली.

लेखनाचे आजचे नियम मराठी साहित्य महामंडळाचे आहेत. त्यांतले १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ जोडले. हे नियम लिहिण्याचे आहेत. कसं बोलावं याबद्दल त्यांत आदेश नाही, पण वर्गात आणि मुलाखतीत ते बोलण्यावरही लादले जातात.

प्रमाणभाषा निरुपयोगी आहे असं आमचं म्हणणं नाही. गडचिरोलीत काढलेलं परिपत्रक सावंतवाडीत वाचता यायला हवं असेल, तर कुठलं तरी एक सामाईक लेखी रूप लागतंच. तक्रार आहे ती या रूपाने माणसाची अक्कल मोजण्याबद्दल.

बोलीला व्याकरण नसतं, हे खरं ना?

नाही. बोलीचं व्याकरण छापलेलं नसतं, एवढंच. ‘आत्ता चालू असलेली क्रिया’ कशी सांगतात ते पाहा. प्रमाणात ‘काय करतो आहेस?’. वऱ्हाडी-नागपुरीत ‘काय करून राहिला?’. लातूर-नांदेडकडे ‘काय करायलास?’ आणि उत्तर ‘जेवायलो’. अहिराणीत ‘काय करी राह्यना?’. प्रत्येक ठिकाणी क्रियापदाचं ठरलेलं रूप आणि त्याला जोडणारा ठरलेला तुकडा आहे. लातूरच्या माणसाला ‘जेवायलो’ ऐवजी ‘जेवलोय’ म्हणून पाहा. तो लगेच सांगेल की याचा अर्थ जेवण झालं. हा फरक त्याला कुणी शिकवलेला नसतो, तरी तो चुकत नाही. भाषेच्या अभ्यासात यालाच व्याकरण म्हणतात.

‘मला’ची गोष्टही तशीच. वऱ्हाडीत ‘मले’, मालवणीत ‘माका’, आगरी-कोळी बोलीत ‘मना’. अहिराणीत मात्र ‘मना’ म्हणजे ‘माझा’: ‘मना भाऊ’. अलिबागचा आणि धुळ्याचा माणूस एकाच शब्दावर अडखळतील, पण आपापल्या जागी दोघेही बरोबर आहेत.

‘पानी’, ‘आनी’, ‘लोनी’ ऐकलं की लोक का हसतात? हे उच्चार चूक नाहीत का?

मराठी ऐकणारा कान माणसाची जात, गाव आणि शिक्षण यांचा अंदाज सगळ्यात आधी ‘ण’वरून बांधतो. म्हणून हसू तिथेच येतं. उच्चाराच्या इतिहासाकडे पाहिलं तर हसणाऱ्याची बाजू फार भक्कम नाही.

संस्कृतात मूळ शब्द ‘पानीय’, त्यात ‘न’ आहे. प्राकृतात दोन स्वरांमधल्या एकट्या ‘न’चा ‘ण’ झाला आणि तो प्रमाण मराठीत टिकला: पानीयचं पाणी, नवनीतचं लोणी, मानुषचा माणूस, जनचा जण. म्हणजे अक्षराला अक्षर लावायचं तर ‘पानी’ संस्कृतच्या जास्त जवळचं निघतं. अर्थात ते जुनं टिकून राहिलेलं रूप नाही. ‘ण’चा पुन्हा ‘न’ झाला, इतकंच.

आणि खुद्द प्रमाण मराठीनेही ‘ण’चा ‘न’ केलेला आहेच. संस्कृत ‘कर्ण’, प्राकृत ‘कण्ण’, मराठी ‘कान’. तसंच पर्ण, पण्ण, पान. स्वर्णाचं सोनं, चूर्णाचा चुना. जिथे प्राकृतात जोड ‘ण्ण’ होता तिथे मराठीत ‘न’ आला, एकटा होता तिथे ‘ण’ राहिला. बहुजन समाजाच्या अनेक बोलींनी हा बदल एक पाऊल पुढे नेला आणि उरलेल्या ठिकाणीही ‘न’ केला. ‘कान’ म्हणणाऱ्याने ‘पानी’ म्हणणाऱ्याला हसावं, यात ध्वनिशास्त्र कुठेच नाही.

लेखनात मात्र ‘पाणी’च लिहायचं. तो नियम आहे आणि पाळायला सोपा आहे.

मग ‘मणापासून धण्यवाद’ हे काय आहे?

ही अतिशुद्धी. ‘न म्हणजे गावंढळ, ण म्हणजे शिकलेला’ असं वर्षानुवर्षं मनावर बिंबवलं की माणूस सावधगिरी म्हणून सगळीकडे ‘ण’ टाकतो: मण, जिवण, अणुभव. ही चूक बोलीची नाही, बोलीची लाज वाटायला लावल्याची आहे.

दुरुस्तीसाठी दोन आधार पुरतात. एक, संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेल्या शब्दांत आधी र, ऋ किंवा ष असेल तर बहुधा ‘ण’ येतो: कारण, मरण, ऋण, भाषण, प्रमाण. नसेल तर बहुधा ‘न’: मन, जीवन, धन, अनुभव, वचन. अपवाद मोजके आणि रोजच्या वापरातले आहेत, ते पाठच करावेत: गुण, गण, बाण, वाणी, वीणा, कण, क्षण. (क्षणात ‘ष’ लपलेला आहे, म्हणून तो खरं तर अपवादही नाही.) दोन, क्रियापदाच्या शेवटी नेहमी ‘णे’: करणे, जाणे, बोलणे. एवढ्याने बहुतेक चुका जातात. उरलेल्यांसाठी शब्दकोश उघडावा, सगळीकडे ‘ण’ ठोकून देऊ नये.

‘डोया’ आणि ‘काला’?

‘ळ’ वऱ्हाडी आणि अहिराणीत ‘य’कडे सरकतो: डोळा–डोया, काळा–काया. आगरी-कोळी बोलीत तो ‘ल’ होतो: काळा–काला. दोन्हीकडे बदल नियमाने होतो, मनाला येईल तिथे नाही.

‘करून राहिलो’ ही हिंदीची नक्कल आहे, असं म्हणतात.

ठेवण ‘कर रहा हूँ’शी जुळते, हे उघड आहे. पण नक्कल म्हणताना ‘येत नाही म्हणून उचललं’ असा सूर असतो, तो चुकीचा. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मराठी आणि हिंदी बोलणारी माणसं तिथे पिढ्यानपिढ्या एका कचेरीत, एका बाजारात वावरली. अशा ठिकाणी भाषा एकमेकींची ठेवण घेतातच. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून तिथल्या मराठीत उर्दूचे शब्द खोल रुतलेले आहेत. आणि पुण्याच्या ‘शुद्ध’ मराठीतले अर्ज, वकील, फडणीस, दप्तर, हजर? सगळे फारसी-अरबीतून आलेले. उसनवारी जुनी झाली की तिला कुणी उसनवारी म्हणत नाही.

कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. त्यांना स्त्रीलिंग येत नाही का?

येतं. त्याच बाई ‘ती आली’, ‘सून गेली’ असंच म्हणतात. तिथल्या बोलीत फक्त प्रथम पुरुषी, म्हणजे ‘मी’सोबत, लिंगभेद दाखवत नाहीत. शेजारच्या कन्नडमध्येही असंच आहे: ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ या दोन्हींना ‘बंदे’ हे एकच रूप, पण तो आला तर ‘बंदनु’, ती आली तर ‘बंदळु’. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात कन्नडशी असलेला जुना शेजार लक्षात घेतला की कोडं उरत नाही. इंग्रजीत ‘मी’ला लिंग नाही म्हणून इंग्रज बाईला कुणी अडाणी समजत नाही.

पुण्यात बोलतात तीच प्रमाण मराठी, बरोबर?

बरोबर नाही. पुण्यातही कुणी ‘मी काल तिथे गेलो होतो, परंतु त्याने काही सांगितले नाही’ असं बोलत नाही. ‘गेलोवतो’, ‘सांगितलं नाइ’, ‘म्हंजे’ हे तिथलंही रोजचं बोलणं. प्रमाण लेखी भाषा कुणाचीच घरची बोली नाही. काहींच्या घरापासून ती दोन पावलांवर आहे आणि काहींच्या घरापासून दोन कोसांवर, आणि परीक्षा सगळ्यांची एकच घेतली जाते. शिवाय पुण्यातही सदाशिव पेठेतलं बोलणं वेगळं, मुळशी-मावळातलं वेगळं.

बोली आणि टपोरी भाषा एकच का?

नाही. बोली प्रदेशाची किंवा समाजाची असते, आजीपासून नातवापर्यंत सगळे ती बोलतात आणि तिची स्वतःची क्रियापदं, प्रत्यय असतात. टपोरी किंवा कॉलेजातली भाषा ही वयाची आणि टोळक्याची. तिचं व्याकरण उसनं, शब्द तेवढे वेगळे: लोचा, झोल, कल्टी, राडा, पकाऊ, चकटफू. हे शब्द पटकन शिळे होतात. काही मात्र टिकतात आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात जाऊन बसतात, जसा ‘राडा’.

मधला एक प्रकारही आहे. ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’, ‘लई भारी’ कोल्हापूर-पश्चिम महाराष्ट्राच्या बोलीतून निघाले आणि रीलवरून राज्यभर पसरले. आता नागपूरचा मुलगाही ‘लई भारी’ म्हणतो, तेव्हा तो कोल्हापुरी बोलत नसतो, फॅशन करत असतो. यात वाईट काही नाही. फक्त त्यावरून ‘बोलीला आता मान मिळाला’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. दोन शब्द उचलले जातात, बोलणारा माणूस मुलाखतीत अजूनही मागेच राहतो.

‘बे’, ‘च्यायला’, ‘रांडेच्या’: यांतलं काय चालतं आणि काय नाही?

नागपूरचा ‘बे’ बरोबरीच्या मित्राला घातलेली हाक आहे. मोठ्यांना, अनोळखी बाईला किंवा वरिष्ठांना ती घालत नाहीत, नागपूरकरही नाही. ‘च्यायला’, ‘आयला’ मुळात आईवरून दिलेल्या शिवीचे घासून गुळगुळीत झालेले तुकडे आहेत. आज ते निव्वळ उद्गार म्हणून येतात, तरी बऱ्याच घरांत मुलांनी उच्चारलेले चालत नाहीत.

‘रांडेच्या’ पश्चिम महाराष्ट्रात मैत्रीतही येतो आणि मारामारीतही. अर्थ सुरावर आणि नात्यावर ठरतो, म्हणून बाहेरच्याने तो वापरून पाहू नये. इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. कोकणातल्या-पुण्यातल्या आजोबांचा ‘शिंच्या’ लोकांना गोड वाटतो. तो ‘शिंदळीच्या’ची झिजलेली आवृत्ती आहे, म्हणजे अर्थाने ‘रांडेच्या’चाच सख्खा भाऊ. एक शिवी ‘खास ठेवणीतली’ ठरते आणि दुसरी ‘अर्वाच्य’, यात शब्दापेक्षा तोंड कुणाचं आहे ते जास्त मोजलं जातं.

जातीच्या नावाने केलेली शेरेबाजी मात्र या चर्चेत येतच नाही. ‘आमच्याकडे असंच बोलतात’ हा तिथे बचाव नाही. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणं हा अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खाली गुन्हा आहे. अस्वच्छपणा, आरडाओरडा किंवा अव्यवस्था यांना जातीची नावं लावणाऱ्या म्हणी-वाक्प्रचार अजून सुशिक्षित घरांत सर्रास ऐकू येतात, तेही अस्सल प्रमाण उच्चारांत. उच्चार शुद्ध असून भाषा घाण असू शकते.

अनोळखी प्रदेशात गेल्यावर सगळ्यात जास्त घोटाळे कुठे होतात?

भाजीबाजारात आणि स्वयंपाकघरात. व्याकरण वेगळं असलं तरी अर्थ लागतो. वस्तूचं नाव वेगळं असलं की पिशवीत भलतंच येतं.

विदर्भात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. सांबारवडीत डाळीच्या सांबाराचा थेंब नसतो, कोथिंबीर ठासून भरलेली असते. तिथे शेवग्याला मुंगना, चवळीच्या शेंगांना बरबटी, वालाच्या शेंगांना पोपट, टोमॅटोला भेदरं आणि शेंगदाण्यांना फल्ली म्हणतात, तेलही फल्लीचं. बटाटा आलू असतो, म्हणून बटाटावडा आलुबोंडा होतो. पातेल्याला गंज आणि उलथण्याला सराटा. पुण्याची सून नागपूरला गेली आणि सासूबाईंनी ‘गंज आण’ म्हटलं, तर लोखंडाला चढतो तो गंज आठवणं साहजिक आहे.

पश्चिम महाराष्ट्रात ‘माळवं’ म्हणजे भाजीपाला आणि ‘कालवण’ म्हणजे भाकरीशी खायचं पातळ तोंडीलावणं. सोलापूर-मराठवाड्याकडचं ‘कोरड्यास’ नावाने कोरडं, पण ताटात ते पातळही असू शकतं. ‘डांगर’ नाशिककडे लाल भोपळा आणि पुण्या-कोकणात उडदाच्या पिठाचं कालवलेलं तोंडीलावणं. मिसळीवरच्या लाल तेलकट रश्श्याला नागपुरात तर्री म्हणतात, कोल्हापुरात कट.

शेतीतला एक शब्द तर कायमचा गोंधळ घालतो. ‘वावर’ विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यात शेत. पुण्या-मुंबईत ‘वावर’ म्हणजे फिरणं-राहणं. ‘त्यांच्या वावराचा पसारा मोठा आहे’ हे वाक्य कोण म्हणतंय त्यावर जमीन मोजायची की ओळखी, ते ठरतं.

बाजारात साधा उपाय: नाव न घेता वस्तूकडे बोट दाखवून ‘हे काय भाव?’ विचारा, विक्रेता नाव आपोआप सांगतो. पाककृती लिहिणाऱ्यांनी पहिल्यांदा येणाऱ्या स्थानिक नावापुढे प्रचलित नाव एकदा द्यावं, नंतर स्थानिकच चालू ठेवावं.

बोलीतून ‘तू’ म्हणणं हा उद्धटपणा आहे का?

आगरी-कोळी वस्त्यांत आणि इतरही अनेक गावांत आजोबांना, सासऱ्यांनाही ‘तू’ म्हटलं जातं, आणि त्यात अनादर नसतो. आदर तिथे सुरातून, नात्याच्या हाकेतून दाखवतात. शहरातल्या ग्राहकाने भाजीवालीच्या ‘काय पायजे तुला?’ने दुखावून जाऊ नये. त्याचबरोबर भाजीवालीला स्वतः ‘तू’ म्हणून आपल्याला ‘तुम्ही’ची अपेक्षा ठेवणारा ग्राहक कुठल्याही बोलीत उद्धटच असतो.

नोकरीच्या मुलाखतीत बोली लपवावी का?

काम काय आहे त्यावर अवलंबून. वृत्तनिवेदन, ध्वनिमुद्रित पुस्तकं, शासकीय सूत्रसंचालन इथे प्रमाण उच्चार हा कामाचाच भाग आहे, तो कमवावा लागतो. बँक, विक्री, कारखाना, रुग्णालय, शिक्षण इथे समजणं महत्त्वाचं. ग्रामीण शाखेत तर ग्राहकाची बोली येणं हे जादा कौशल्य आहे आणि ते अर्जात तसं लिहावं: ‘अहिराणी व मराठी बोलता येते’.

सराव करायचा तर असा. मोबाइलवर दोन-तीन मिनिटं स्वतःबद्दल बोलून ध्वनिमुद्रण करा. ऐकताना फक्त तीन गोष्टी निवडा. सर्वसाधारणपणे ‘हाय–आहे’, ‘व्हतं–होतं’ आणि ‘ण–न’ या आधी घ्याव्यात, कारण समोरचा त्यांवरच अडकतो. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा. हेल बदलायच्या फंदात पडू नका. हेल सगळ्यात उशिरा बदलतो आणि त्याने अर्थाला बाधा येत नाही.

बिघडतं कुठे? एकदम सगळं बदलायला गेल्यावर. माणसाचं अर्धं लक्ष उच्चारावर जातं, उत्तर तुटक येतं आणि ‘आत्मविश्वास कमी’ असा शेरा मिळतो. भरीला अतिशुद्धी होते ती वेगळीच. ‘अणुभव’ म्हणण्यापेक्षा शांतपणे ‘आनी’ म्हटलेलं बरं.

मुलाखत घेणाऱ्यांसाठी एकच सूचना: उत्तराचे गुण आधी लिहा, भाषेचा शेरा नंतर. उलट क्रम लावला की पहिल्याच ‘न्हाई’ला निकाल लागलेला असतो.

मूल निबंधात बोलीतले शब्द लिहितं. शिक्षकाने काय करावं?

लाल पेन उचलण्यापूर्वी चुकीचा प्रकार ओळखा. ‘मी बाबासंगं वावरात गेल्तो, तिथं लांडगा दिसला’ या वाक्यात ‘वावर’ हा योग्य शब्द आहे, तो राहू द्या. ‘संगं’ आणि ‘गेल्तो’ ही बोलीची रूपं, त्यांची लेखी जोडी शेजारी लिहा. ‘लांडगा’ऐवजी ‘लाडंगा’ लिहिलं असतं तर ती लेखनाची चूक. तिन्हींना एकच लाल गोल मारला की मुलाला कळतं ते एवढंच, की आपल्या घरचं सगळं चूक असतं.

वर्गाच्या भिंतीवर दोन रकाने करा, ‘घरी म्हणतो’ आणि ‘पुस्तकात लिहितो’. आठवड्याला आठ-दहा जोड्यांपेक्षा जास्त नकोत, आणि त्या मुलांनीच आणाव्यात. तोंडी कामात दुरुस्ती करू नका. मुलाने ‘काहून नाई आला?’ विचारलं तर उत्तर द्या, आणि उत्तरात ‘का आलो नाही, सांगू?’ असं लेखी रूप सहज येऊ द्या. कुणाचंही वाक्य वर्गापुढे वाचून हशा पिकवू नये. त्याचा परिणाम पुढच्याच आठवड्यात वहीत दिसतो: वाक्यं आखूड होतात, आणि मूल ज्या शब्दांबद्दल खात्री आहे तेवढेच वापरतं. लेखन ‘शुद्ध’ होतं आणि रिकामं होतं.

मेळघाटातली कोरकू किंवा गडचिरोलीतली गोंडी-माडिया यांना मराठीच्या बोली समजू नये. कोरकू मुंडा कुळातली, गोंडी-माडिया द्राविड कुळातली. त्या मुलांसाठी मराठी ही दुसरी भाषाच आहे. तिथे जोड्या लावून भागत नाही, पहिली दोन-तीन वर्षं मुलाच्या भाषेतून समजावणारा माणूस वर्गात लागतो.

अहिराणी, मालवणी या बोली की भाषा?

ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात कोकणी मराठीच्या पोटात धरली आहे. खानदेशी (अहिराणी तिच्यातच धरतात) मात्र त्यात नाही. ती भिल्ली भाषांबरोबर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली आली. जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजतात. २०११ साली ती मातृभाषा सांगणारे साडेअठरा लाखांच्या आसपास होते. कोकणीला साहित्य अकादमीने १९७५ साली स्वतंत्र मानलं, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. म्हणजे १९०५ ची ‘बोली’ नव्वद वर्षांच्या आत ‘भाषा’ झाली. तिचे शब्द बदलले नव्हते, राजकारण बदललं होतं. मालवणी कोकणी आणि मराठी यांच्या मध्ये उभी आहे: रूपं कोकणीशी मिळती, शाळा आणि कचेरी मराठीची. बोलणाऱ्यांना विचारावं आणि ते म्हणतील ते मानावं.

कथा-नाटकात बोली लिहायची तर कशी?

एक तालुका निवडा. ‘मले’, ‘लई’ आणि ‘काय जी, व्हय जी’ एकाच पात्राच्या तोंडी घातलं की जी ‘ग्रामीण’ भाषा तयार होते ती महाराष्ट्रात कुठेच बोलली जात नाही. ती फक्त मालिकांमधल्या नोकरांना आणि हवालदारांना येते.

पाच-सहा ठळक रूपं ठरवून ती शेवटपर्यंत सांभाळा: ‘मला’चं रूप, ‘आहे’चं रूप, चालू क्रियेचं रूप, ‘का’साठीचा शब्द (काहून, कामून, कित्याक), नकार. बाकी लेखन नेहमीचं ठेवा. शहरी पात्रही ‘म्हंजे’च म्हणत असताना फक्त शेतकऱ्याच्या तोंडचं ‘म्हंजे’ उच्चारानुसार छापणं हा लेखनातला पक्षपात आहे. पात्राच्या तोंडची बोलभाषा उच्चाराप्रमाणे लिहायला लेखननियमांतच मुभा आहे, तेव्हा मुद्रितशोधकाने ती ‘सुधारू’ नये. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या जळगावकडच्या लेवा गणबोलीतल्या आहेत. त्या प्रमाण मराठीत ओतून पाहा, यमक आणि ताल दोन्ही जागीच कोसळतात.

विनोदाबद्दल एक कसोटी आहे. प्रेक्षक पात्राच्या बोलण्यातल्या चतुराईला हसतोय की नुसत्या ‘खंय’ला? मालवणी रंगभूमीवर पहिली गोष्ट घडली म्हणून ती टिकली. रीलवर बहुतेकदा दुसरी घडते.

घरातले जुने शब्द जमवायचे आहेत. सुरुवात कशी करावी?

‘तुमच्या बोलीत याला काय म्हणतात?’ असं विचारू नका. समोरचा सावध होतो आणि शाळेतला शब्द सांगतो. वस्तू किंवा चित्र दाखवा, किंवा काम चालू असताना विचारा: पेरणी, वाळवण, बाळंतपणाचा खुराक, भांडण. भांडणात सगळ्यात अस्सल शब्द मिळतात, पण ध्वनिमुद्रणाची परवानगी आधीच घेतलेली असावी. गावात गेल्यावर पहिल्यांदा सरपंच आणि गुरुजी भेटतात. त्यांच्याशी चहा घ्या आणि शब्दांसाठी इतरांकडे जा.

प्रत्येक शब्दाला एक कार्ड: शब्द, अर्थ, बोलणाऱ्याच्या तोंडचं पूर्ण वाक्य, गाव, तालुका, बोलणाऱ्याचं अंदाजे वय, स्त्री की पुरुष, तारीख. वाक्याशिवाय शब्द अर्धा असतो, त्याचं लिंग आणि प्रत्यय वाक्यातच कळतात. ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे मराठीत दोन उच्चार आहेत (चमचामधला आणि चहामधला), देवनागरीत ते वेगळे दिसत नाहीत, म्हणून कार्डावर ‘चमच्यातला’ की ‘चहातला’ ते लिहा. लांबवलेल्या स्वरासाठी ‘ऽ’ वापरा. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर, पंखा बंद. शक्य असेल तर ध्वनिमुद्रणाची फाइल लहान न करता (अनकम्प्रेस्ड) साठवा.

तुलनेसाठी डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत केलेलं बोलींचं सर्वेक्षण पाहा, त्यात नकाशे आणि ध्वनिमुद्रणं आहेत. १९६० च्या दशकात अ. मा. घाटगे यांनी कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली यांची वर्णनं केली होती. कार्ड कसं भरावं हे त्यांतूनही शिकता येतं.

अभिजात दर्जाने बोलींना काय मिळालं?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी दर्जा मिळाला तो ‘मराठी’ला, जुन्या ग्रंथांच्या आधारावर. त्यांत महत्त्वाचा आहे लीळाचरित्र, आणि तो लिहिला गेला अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. त्या मुलखातली आजची बोली वऱ्हाडी. बोलींसाठी वेगळी तरतूद हवी असेल तर ती वेगळी मागावी लागेल.

‘वऱ्हाडी’, ‘ऱ्हास’, ‘गोऱ्हा’ नीट टंकित होत नाही. का?

साधा ‘र’ घेऊन पुढे हलन्त आणि ‘ह’ दिला की रफार तयार होतो आणि ‘वर्हाडी’ दिसतं. इथे ‘ऱ’ हे खाली टिंब असलेलं वेगळं अक्षर लागतं. इनस्क्रिप्ट कळपाटावर शिफ्ट धरून ‘जे’ची कळ (ऱ), मग ‘डी’ (हलन्त), मग ‘यू’ (ह). ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’ही याच पद्धतीने. मोबाइलवर ‘र’ दाबून धरल्यावर ‘ऱ’ येतो का ते पाहा, नाही तर एकदा बरोबर टंकलेला शब्द वैयक्तिक शब्दसूचीत टाकून ठेवा. शब्दसंग्रह संगणकावर ठेवणार असाल तर हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या, कारण शोधताना ‘वर्हाडी’ आणि ‘वऱ्हाडी’ संगणकाला दोन वेगळे शब्द वाटतात आणि अर्धी कार्डं सापडतच नाहीत.